मदत हवी आहे: रोझमेरी तेलाने डोक्यात आग होतेय, प्रमाण किती ठेवू?

जुळे_सोलापूर:
बाजारातून रोझमेरी इसेन्शियल ऑइलची १५ मिलीची बाटली आणली. स्प्रेच्या बाटलीत २०० मिली पाणी आणि २० थेंब, असं चार दिवस डोक्यावर मारलं. भांगाच्या कडेने आग होतेय, त्वचा लाल झालीय. तीन महिन्यांपासून केस पुंजक्यांनी गळताहेत. तेल बनावट आहे का? किती आणि कशात मिसळायचं? घरात घाण्याचं करडई तेल आणि खोबरेल आहे. वहिनींना पाचवा महिना आहे, त्यांनाही लावायचंय.

अत्तरदाणी:
ताई, लाली पूर्ण जाईपर्यंत काहीच लावू नका. तेल बनावट असेलच असं नाही, घोळ पाण्याचा आहे. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. बाटली कितीही हलवा, थोड्या वेळात पुन्हा वेगळं होतं. मग स्प्रेतून कधी नुसतं पाणी येतं, कधी कच्चं तेल. तो कच्चा थेंब भांगावर बसला की आग होणारच. पुन्हा असं झालं तर आधी खोबरेलाच्या बोळ्याने पुसून काढा, मग शाम्पू. डोळ्यात गेलं तर मात्र साधं पाणीच, निदान १५ मिनिटं, आणि लगेच डॉक्टर.

प्रमाण: ५० मिली खोबरेल किंवा करडई तेलात अर्धा मिली रोझमेरी, म्हणजे १ टक्का. तीन आठवडे खाज आली नाही तर १ मिली, म्हणजे २ टक्के. त्यापुढे जायचं कारण नाही. थेंब मोजू नका, बाटलीच्या तोंडाप्रमाणे थेंब लहानमोठा पडतो. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा आणि सुई काढून टाका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रण लावून ४८ तास थांबा.

वहिनींना नको. गरोदरपणात नको, फिट येणाऱ्यांना नको (यात कापूर असतो), लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ तर नकोच. आणि हे पोटात घ्यायचं तेल नाही.

करडई_घाणा:
करडई डोक्याला हलकी, चिकट होत नाही. पण घाण्याची करडई आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना खिडकीत ठेवलेली बाटली महिनाभरात वास मारते. म्हणून एका वेळी ५० मिलीच करा. खोबरेल जास्त टिकतं. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे सोलापुरात थंडीच्या सकाळीच काय ती अडचण. एरंडेल घालायचं तर चार भाग खोबरेलाला एक भाग, नाहीतर दोन शाम्पूंनीही निघत नाही.

रोझमेरीची मूळ बाटली गडद काचेची हवी. फ्रिजच्या दारात, बूच घट्ट. रबरी फुगा असलेल्या ड्रॉपरसकट ठेवू नका, तेलाच्या वाफेने रबर मऊ होऊन चिकट होतं. जुनं, हवा लागलेलं तेल ताज्यापेक्षा त्वचेला जास्त झोंबतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

भिंगवाला:
बनावटीबद्दल. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. तेलकट डाग राहिला तर आत खाद्यतेल मिसळलंय किंवा ते मुळात पानं मुरवलेलं तेल आहे. दुकानात दोन्ही ‘रोझमेरी ऑइल’ म्हणूनच मिळतात. मुरवलेलं असेल तर ते थेट लावता येतं, पातळ करायची गरज नाही. पण निलगिरी तेलाची भेसळ कागदावर कळत नाही, कारण तेही उडून जातं. त्यासाठी बॅच क्रमांकाचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी) मागा. बाटलीवर साल्विया रोझमेरिनस किंवा जुनं नाव रोझमेरिनस ऑफिसिनॅलिस हवं. नुसतं ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर ते उदबत्तीच्या कामाचं.

अत्तरदाणी:
केसांचंही बोलू. सगळे ज्याचा हवाला देतात तो २०१५ चा इराणमधला अभ्यास: १०० जण, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल (केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध). तीन महिन्यांत फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस वाढले, साधारण सारखेच. पण काहीच औषध नसलेला तिसरा गट नव्हता. शिवाय तो अभ्यास आनुवंशिक टकलाचा. पुंजक्यांनी गळणं बहुधा वेगळं: डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, किंवा लोह, थायरॉइड. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. तिथे तेलाने काही व्हायचं नाही.

जुळे_सोलापूर:
दीड-दोन आठवडे थांबते, तपासण्या करते. कोंडाही आहे, मग रात्रभर ठेवायचं का? आणि कुंडीत रोझमेरी लावून घरी तेल काढता येईल?

करडई_घाणा:
कोंडा असेल तर रात्रभर मुळीच नको, तेलावर तो आणखी माजतो. धुण्याआधी पाऊण तास, आठवड्यातून दोनदा. बोअरच्या जड पाण्यात शाम्पूचा फेस येत नाही म्हणून माणसं दुप्पट ओततात. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या नळाच्या पाण्याचे घ्या.

घरी ते ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफेने काढलेलं इसेन्शियल ऑइल निघत नाही. किलोभर पानांना १० मिलीच्या आसपास, तेही नीट भट्टी असेल तर. पानं मुरवायची तर सावलीत पूर्ण वाळवून, कडकडीत कोरड्या बरणीत. ओल्या पानांतलं पाणी तेलात उतरतं, मग बुरशी. २० ग्रॅम पानं, २०० मिली तेल, गरम पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून मंद आचेवर दोन तास, मग फडक्याने गाळा.

रोप आपल्या कोरड्या हवेत तगतं, मरतं ते काळ्या मातीत. ती पाणी धरते आणि मुळं कुजतात. निम्मी वाळू घाला, वरची दोन बोटं माती सुकल्यावरच पाणी. मेमध्ये दुपारी बारा ते चार आडोसा.