उकळल्यावर पाण्याचा कठीणपणा वाढला कसा?

प्रश्न (प्रथम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

नमस्कार. उपयोजित रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी घरच्या बोअरवेलच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण, ईडीटीएने (या धातूंचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनाने) काढला. ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए २१.२ मिलिलिटर लागले, म्हणजे एकूण कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ४२४ मिलिग्रॅम आला. नंतर कायमचा, म्हणजे उकळूनही न जाणारा, कठीणपणा काढण्यासाठी तेच पाणी २५० मिलिलिटर घेऊन अर्धा तास उकळले, थंड करून गाळले आणि त्यातल्या ५० मिलिलिटरचे पुन्हा अनुमापन केले (रंग बदलेपर्यंत ब्युरेटने ईडीटीए घातले), तर ईडीटीए २२.६ मिलिलिटर लागले. म्हणजे ४५२! वजाबाकी केली तर तात्पुरता कठीणपणा उणे २८ येतो, आणि बीकरच्या तळाशी पांढरा थर तर स्पष्ट दिसत होता. शिवाय दोन्ही वेळा शेवटी रंग चटकन निळा न होता बराच वेळ जांभळट राहिला. चूक कुठे झाली असावी?

उत्तर १

आपले अनुमापन बहुधा ठीक आहे. चुकले आहे ते आकारमान. अर्धा तास उकळताना बरेच पाणी वाफ होऊन गेले, पण क्लोराइड आणि सल्फेट क्षार मागेच राहिले, त्यामुळे उरलेल्या पाण्यात ते अधिक संहत झाले. बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसले हे खरे, आणि तोच आपला पांढरा थर. परंतु पाणी आटल्यामुळे झालेली वाढ त्या घटीपेक्षा मोठी ठरली. म्हणून गाळलेले पाणी २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यावे, बीकर व गाळणकागद थोड्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन ते धुवणही त्यातच मिळवावे, खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरावे आणि मगच पिपेटने ५० मिलिलिटर घ्यावे. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ही पायरी एका ओळीत उरकलेली असते, म्हणून ती सर्रास निसटते. गाळल्यावर पाणी किती भरले होते, याची नोंद आहे का?

उत्तर २

रंगाबद्दल लिहितो. एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, म्हणजे रंग बदलून अनुमापनाचा शेवट दाखवणारा पदार्थ, धातूशी जोडलेला असताना दारूसारखा लाल आणि १० पीएचला मोकळा असताना निळा दिसतो. ईडीटीए आधी कॅल्शियम धरते, मग मॅग्नेशियम, आणि सर्वांत शेवटी दर्शकाला चिकटलेले मॅग्नेशियम ओढून काढते. ही शेवटची पायरी सावकाश होते. त्यामुळे जांभळट छटा येताच थेंबाथेंबाने घालावे, प्रत्येक थेंबानंतर फ्लास्क ढवळून काही सेकंद थांबावे आणि लाल छटेचा शेवटचा अंश जाईल तेव्हाच वाचन घ्यावे. अर्थात रेंगाळूही नये, कारण बफर (पीएच १० ला स्थिर ठेवणारे द्रावण) घातल्यावर पाणी फार वेळ तसेच ठेवले तर कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागते; पाच मिनिटांच्या आत काम संपवणे चांगले.

तरीही रंग मळकटच राहत असेल, तर प्रथम दर्शकावर संशय घ्यावा. त्याचे द्रावण काही दिवसांत खराब होते. मिठात घोटलेली कोरडी पूड कितीतरी अधिक टिकते. एक सोपी परीक्षा म्हणजे नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात बफर आणि दर्शक घालून पाहणे. ते लगेच निळे दिसले पाहिजे. लालसर दिसले, तर पाण्यात किंवा बफरमध्येच धातूचे आयन आहेत. जुन्या पाइपमधून लोह किंवा तांबे आले असेल, तर ते दर्शकाला इतके घट्ट धरतात की निळा रंग येतच नाही. पाण्यात मॅग्नेशियम अगदीच नसले, तरी बदल पुसट होतो. म्हणून काही प्रयोगशाळा बफरमध्येच थोडे मॅग्नेशियम-ईडीटीए मिसळून ठेवतात. त्यात दोन्ही समप्रमाणात असल्यामुळे कठीणपणाच्या आकड्यावर परिणाम होत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गाळलेले पाणी मोजपात्रात १५० मिलिलिटर भरले होते, ही नोंद वहीत सापडली. म्हणजे ४५२ ला १५० ने गुणून २५० ने भागायचे का? तसे केल्यास कायमचा कठीणपणा सुमारे २७१ आणि तात्पुरता १५३ येतो. दर्शकाची बाटली मात्र मागच्या सत्रातली निघाली.

उत्तर ३

गुणाकार बरोबर आहे, फक्त कागदात अडकलेले पाणी हिशेबात नसल्यामुळे २७१ हा आकडा किंचित कमी आहे. पडताळा हवा असेल, तर त्याच न उकळलेल्या पाण्याची अल्कधर्मिता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असलेली आम्ल शोषण्याची क्षमता, काढावी. ५० मिलिलिटर पाण्याला मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग बदलेपर्यंत ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल किती लागते ते पाहावे. ईडीटीएप्रमाणे येथेही १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. अल्कधर्मिता एकूण कठीणपणापेक्षा कमी असेल, तर तात्पुरता कठीणपणा तेवढाच धरतात. माझे मत असे, की उकळण्याच्या पद्धतीपेक्षा हीच अधिक भरवशाची आहे.

प्रश्नकर्ता

अल्कधर्मितेचा प्रयोग आज केला. आम्ल ८.२ मिलिलिटर लागले, म्हणजे १६४. उकळून आलेल्या १५३ पेक्षा ११ ने जास्त. हा फरक चुकीचा मानावा का?

उत्तर ३

नाही. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात अगदीच अविद्राव्य नसते; लिटरला दहा-पंधरा मिलिग्रॅम विरघळलेले राहते आणि गाळूनही निघत नाही. ते ईडीटीएला कायमच्या कठीणपणात सापडते, त्यामुळे उकळून काढलेला तात्पुरता कठीणपणा थोडा कमीच येतो. शिवाय ब्युरेटमध्ये ०.१ मिलिलिटर इकडेतिकडे झाले, तरी ५० मिलिलिटर नमुन्यावरून काढलेल्या आकड्यात लिटरला २ मिलिग्रॅमचा फरक पडतो. जर्नलमध्ये दोन्ही आकडे लिहावेत आणि दर्शक नवा करून एकूण कठीणपणाचे वाचन पुन्हा घ्यावे.