पदरात नेमकं काय पडणार होतं?

‘हाँगकाँगच्या लोकशाहीवाद्यांनी २०१५ मध्ये मिळेल ते पदरात पाडून घ्यायला हवं होतं’ हे काही पटलं नाही. तेव्हाचा प्रस्ताव होता हाँगकाँगच्या सरकारचा प्रमुख सर्व मतदारांनी थेट निवडण्याचा. पण बीजिंगच्या ३१ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयानुसार उमेदवार फक्त दोन-तीन, तेही उमेदवार ठरवणाऱ्या समितीतल्या निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा असलेले. मुलगी त्यांनी पसंत करायची, आपण फक्त अक्षता टाकायच्या!

२०१० ला हाँगकाँगच्याच लोकशाहीवादी डेमोक्रॅटिक पक्षाने बीजिंगच्या प्रतिनिधींशी बोलून तेव्हाच्या निवडणूक-सुधारणा प्रस्तावात दुरुस्ती करून घेतली होतीच की. विधिमंडळाच्या पाच नव्या जागांसाठी लाखो सामान्य मतदारांना मत मिळालं. (त्यापायी पक्ष फुटला, ते वेगळं.) २०१५ ला दुरुस्तीला फटच ठेवली नव्हती.

विधिमंडळात या प्रस्तावावरच्या मतदानाचा तर फार्सच झाला. एक सहकारी पोचायचाय, तोवर मतदान लांबावं म्हणून सरकारी बाजूचे बरेच जण सभागृहाबाहेर पडले, आणि प्रस्ताव ८ विरुद्ध २८ असा आपटला.