अमेरिकेतील कोलोराडोत आय-७० महामार्गावर ट्रकच्या चाकांना बर्फसाखळ्या केव्हा लागतात?

प्रश्न: डेन्व्हरहून पश्चिमेकडे माल नेताना, आकाश निरभ्र असले तरी साखळ्या सोबत ठेवाव्याच लागतात का?

उत्तर १: होय. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात डॉटसेरो ते मॉरिसन, म्हणजे मैलदगड १३३ ते २५९ या टप्प्यात, व्यावसायिक वाहनांना हवामान कसेही असले तरी त्या सोबत बाळगाव्या लागतात.

उत्तर २: बाळगणे आणि लावणे यांत गल्लत करू नये. साखळी-कायदा, म्हणजे बर्फामुळे साखळ्या सक्तीच्या करणारा आदेश, जाहीर झाल्यावर त्या लावाव्याच लागतात. न लावल्यास ५०० डॉलरहून अधिक आणि त्यामुळे रस्ता अडल्यास १,००० डॉलरहून अधिक दंड होतो. याच महामार्गावरील आयझेनहॉवर बोगद्याचा चढ सुरू होण्याआधीच, ठरावीक थांब्यावर त्या लावाव्यात. चढावर अडकलेला एक ट्रक रुग्णवाहिकेचीही वाट बंद करतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. निघण्यापूर्वी कोरड्या आवारात साखळ्या लावण्याचा सराव करीन.