मदत हवी आहे: पिप-२ घातलेल्या व्हेसिकलवर ठिपके दिसतात, ते खरे धरायचे का?

द्विस्तर:
नमस्कार मंडळी. दोन महिने एकाच जागी अडकले आहे, जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

पिप-२, म्हणजे इनॉसिटॉलच्या ४ आणि ५ या जागांवर फॉस्फेट असलेला मेद, कृत्रिम पटलात, म्हणजे व्हेसिकल नावाच्या मेदाच्या पोकळ फुग्यांत, कसा वागतो हे मी प्रोजेक्टसाठी पाहते आहे. पेशीच्या बाह्यपटलात तो जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असतो, तोही आतल्या थरात. फॉस्फोलायपेज-सी या विकराने तो तोडला की त्याचं डोकं, आयपी-३, पाण्यात सुटतं आणि पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा मोकळा करतं. उरलेला भाग, डायअसिलग्लिसेरॉल, पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या विकराला जागं करतं. इथवर ठीक. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: न तुटलेला पिप-२ पटलात एकटा फिरतो की पुंजक्याने?

कृती अशी: ९५ टक्के डीओपीसी (साधा, एकूण भार नसलेला मेद), साडेचार टक्के पिप-२ आणि अर्धा टक्का शेपटीला बॉडिपी हा चमकणारा रंग जोडलेला पिप-२. सगळं क्लोरोफॉर्ममध्ये मिसळून काचेवर सुकवते आणि साखरेच्या पाण्यात इलेक्ट्रोफॉर्मेशनने (विद्युतक्षेत्रात फुलवून) मोठ्या व्हेसिकल बनवते. एखाद्या दिवशी कडा एकसारखी उजळते. दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्यांतून बनवलेल्या व्हेसिकलवर ठळक ठिपके!

प्रयोगशाळेत एक जण म्हणाले, "राफ्ट असतील." म्हणजे कोलेस्टेरॉलमुळे घट्ट रचलेले पटलाचे तुकडे. मला पटत नाही. माझ्या मिश्रणात कोलेस्टेरॉल नाही. शिवाय नैसर्गिक पिप-२ ची एक शेपटी बहुधा अरॅकिडॉनिक आम्लाची, चार दुहेरी बंधांची; घट्ट रचलेल्या भागात ती बसेलच कशी? आणि डोक्यावर साधारण उणे ४ भार असलेले रेणू एकमेकांना दूर ढकलायचे सोडून जवळ का येतील?

मेदपाणी:
राफ्टबद्दलची तुमची शंका योग्य आहे. पहिला प्रश्न: पाण्यात ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालता का? नसाल घालत, तर माझा संशय कॅल्शियमवर आहे. "मी कॅल्शियम घातलंच नाही" हे उत्तर पुरेसं नाही. साखर, क्षार, काच, पाणी यांतून काही मायक्रोमोलर कॅल्शियम आपोआप येतं, आणि पिप-२ ला तेवढंही पुरतं. पाण्यावर पिप-२ चा एकरेणवीय थर पसरून खाली थोडं कॅल्शियम सोडलं तर पृष्ठदाब उतरतो, म्हणजे रेणू जवळ सरकतात. मॅग्नेशियमने हा परिणाम बराच कमी होतो. दोघांचा भार सारखाच, पण मॅग्नेशियम आपलं पाण्याचं वेष्टण घट्ट धरून बसतं. कॅल्शियम ते सहज सोडतं आणि थेट फॉस्फेटला भिडतं.

आता तुमचा भाराचा प्रश्न. उणे ४ हा आकडा दगडावर कोरलेला नाही. शेजारची दोन फॉस्फेटं एकाच प्रोटॉनला हायड्रोजन बंधाने वाटून घेतात, त्यामुळे पीएच थोडा हलला तरी भार बदलतो. दोन डोक्यांच्या मध्ये कॅल्शियम आलं की ढकलणं संपून पूल तयार होतो. तुमच्या साखरेच्या पाण्यात तर सोडियम-पोटॅशियमही नाही, म्हणजे स्पर्धक नाही. जे कॅल्शियम असेल ते सरळ पिप-२ कडे जाणार.

जुनी पिपेट:
कॅल्शियम मान्य, पण एक गोष्ट सुटते आहे. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, आणि कॅल्शियमने बांधलेले पुंजके सहसा त्याहून लहान असतात. डोळ्यांना ठळक दिसणारा ठिपका हा न मिसळलेला गोळाही असू शकतो. पिप-२ शुद्ध क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी २०:९:१ घ्या. त्याचं डोकं मोठं आणि भारित, त्यामुळे पाण्यात एकटा सोडला तर तो द्विस्तर न करता मायसेल (शेपट्या आत वळवलेले बारीक गोळे) करतो; काच-प्लॅस्टिकलाही चिकटतो. तुम्ही घातलेलं साडेचार टक्के पटलात पोहोचलं की नाही, हेही तपासायला हवं.

ठिपक्यावर फ्रॅप करून पाहा, म्हणजे लेझरने तिथली चमक विझवा आणि ती परत येते का बघा. चमक परत भरून आली तर रेणू तिथे ये-जा करतात. मुळीच भरली नाही तर मी त्याला पुंजका म्हणणार नाही. आणि बॉडिपी शेपटीला असल्याने रेणूची बैठक बदलते, म्हणून एका तरी प्रयोगात साधा पिप-२ घेऊन तो फॉस्फोलायपेज-सी डेल्टा-१ च्या पीएच डोमेनने (पिप-२ ला धरणारा प्रथिनाचा भाग; आम्लतेच्या पीएचशी संबंध नाही) बघा. मात्र तो डोमेन डोकंच धरतो, म्हणजे कॅल्शियमशी झटापट करणार. हे मनात ठेवूनच निष्कर्ष काढा.

द्विस्तर:
दोघांचेही मनापासून आभार. काल तयार व्हेसिकलवर वरून ईडीटीए घातलं. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. म्हणजे उरलेले सगळे न मिसळलेले गोळे समजायचे?

मेदपाणी:
घाई नको. ईडीटीए पटलातून आत जात नाही. तुम्ही बाहेरच्या थराचं कॅल्शियम काढलंत. आत अडकलेलं साखरेचं पाणी जसंच्या तसं आहे आणि आतल्या थरातही पिप-२ आहे. व्हेसिकल फुलवतानाच साखरेत ०.१ मिलिमोलर ईडीटीए असू द्या, पीएच ७.४ ला आणून. शेजारी एक संच फक्त पीएसचा (फॉस्फॅटिडिलसेरीन, दुसरा ऋणभारित मेद) करा. त्याचा भार उणे १, एवढ्याशा कॅल्शियमने तो असा गोळा होऊ नये. तिथेही ठिपके आले तर दोष कृतीत आहे.

द्विस्तर:
कळवायला उशीर झाला, पण चारही संच पूर्ण केले. पीएसच्या व्हेसिकल स्वच्छ. पिप-२ ला सुरुवातीपासून ईडीटीए दिलं, द्रावक जुनाच ठेवला, तर मोजके ठिपके उरले आणि फ्रॅपमध्ये ते भरले नाहीत. ईडीटीए आणि नवा द्रावक दोन्ही घेतले तेव्हा सगळ्या कडा एकसारख्या. शेवटी नव्या द्रावकाच्या संचात मुद्दाम कॅल्शियम सोडलं: ठळक ठिपका एकही नाही, पण कडेची चमक परत भरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी मी एकच समजून मोजत होते. मागचे दोन महिन्यांचे फोटो आता नव्याने तपासायला घेते आहे.

पुढचा प्रश्न इथेच विचारू का? पेशीतही पिप-२ कृत्रिम पटलापेक्षा हळू सरकतो. तिथे कॅल्शियमपेक्षा मार्क्ससारखी (MARCKS) प्रथिनं त्याला धरून ठेवतात असं वाचलं. मार्क्सच्या पिप-२ धरणाऱ्या पट्ट्यावर १३ धनभारित अमिनो आम्लं आहेत. तो पट्टा माझ्या व्हेसिकलमध्ये घालायचा झाला तर ईडीटीए राहू द्यायचं ना?

जुनी पिपेट:
राहू द्या, पण या वेळी १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडही ठेवा. बिनमिठाच्या पाण्यात तो पट्टा कोणत्याही ऋणभारित मेदाला चिकटेल. एवढ्या मिठात भाराची पोहोच साधारण १ नॅनोमीटरवर येते, मग पिप-२ आणि पीएस यांतला फरक दिसू लागेल. ईडीटीएचाही भार ऋण आहे, तेव्हा पट्ट्याच्या हिशेबाने ते कमीत कमी घ्या. आणि पीएसचा संच याही वेळी सोबत ठेवा.