फासा आपटला की लगेच एफ८ दाबता का? (आरपीजीवाल्यांनो इकडे या)

विसातला_एक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी बाल्डर्स गेट ३ (कॉम्प्युटरवरचा आरपीजी, म्हणजे एक पात्र बनून खेळायचा गेम) दुसऱ्यांदा खेळतोय आणि त्याच वेळी दर रविवारी आमचं डी अँड डीपण (तसाच खेळ, पण टेबलाभोवती बसून, खरे फासे टाकून) चालू आहे, डोंबिवलीत मित्राच्या घरी, चार जण आणि पाचवा डीएम (गोष्ट चालवणारा). आणि माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडे मी दोन वेगळी माणसं आहे. टेबलावर माझा फासा आपटला (म्हणजे आकडा कमी पडून काम फसलं) तर मीच आधी हसतो, आता हा डीएम काय वाट लावतोय बघू म्हणून पुढे सरकून बसतो. कॉम्प्युटरवर तोच फासा आपटला की बोट आपोआप एफ८ वर (आधीचा सेव्ह परत लोड करायचं बटण). परवा एकीला पटवायचं होतं (गेममध्ये!), टार्गेट २०, माझा बोनस जेमतेम +३, शॅडोहार्टला (गेममधली साथीदारीण) कॅम्पवर ठेवलेलं त्यामुळे गायडन्सपण (तिचा मदतीचा मंत्र) नाही, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १७ किंवा वर पडायला हवे. ११ वेळा लोड केलं. अकरा! बायको मागून जाताना म्हणाली, "त्या बाईला अजून पटलं नाही का?"

बाराव्यांदा पटलं, पण मजा शून्य. आपलंच घर फोडून चोरी केल्यासारखं वाटलं.

तर प्रश्न असा की दोष माझा की डिझाइनचा? फासा तोच, नियम साधारण तेच, मग इकडे हरायला मजा येते आणि तिकडे का नाही? आणि असा एखादा गेम आहे का जिथे हरल्यावर लोड करावंसंच वाटत नाही?

कडक_इस्त्री

दोष तुझाच. ऑनर मोड लाव, एकच सेव्ह असतो, विषय संपला.

विसातला_एक

@कडक_इस्त्री लावला होता भाऊ. पहिल्या अंकातच सगळे ढगात.

जुनाट_जादूगार

विसातल्या, दोष तुझा नाही, तो फासा चुकीच्या जागी बसवलाय असं माझं मत आहे, जरा लांबून सांगतो.

डी अँड डी १९७४ साली आलं ते वॉरगेम (टेबलावर लढाया खेळायचे खेळ) खेळणाऱ्या लोकांमधून आलं, ते बनवणारे गायगॅक्स आणि आर्नेसन दोघेही त्याच वर्तुळातले. म्हणजे फासा मुळात कशासाठी होता, तर बाण लागला की नाही ते ठरवायला. आता एका लढाईत तू तीस-चाळीस वेळा फासा टाकतोस, चार फुकट गेले तर पाच लागतात, एकूण हिशोब जमतो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याला ५ टक्के, अगदी सपाट, त्यामुळे तो उड्या खूप मारतो, पण चाळीस उड्यांची सरासरी निघते म्हणून चालून जातं. बोलण्यात मात्र एकच फासा. तू तासभर त्या बाईशी गोड बोललास, तिच्या भावाला सोडवून आणलंस, आणि शेवटी एका उडीवर सगळं. सरासरी निघायला दुसरी उडीच नाही. मग माणूस ती स्वतःच काढतो, एफ८ दाबून. तू ११ वेळा लोड केलंस म्हणजे काय केलंस, तर बोलण्याची लढाई केलीस.

शिवाय छापील नियमात (५वी एडिशन, २०१४ चं पुस्तक) २० पडला की हमखास यश हे फक्त हल्ल्यासाठी आहे. बीजी३ (बाल्डर्स गेट ३) वाल्यांनी ते कुलूप-बिलूप, गप्पाटप्पा सगळ्याला लावलं, आणि १ पडला की हमखास आपटी हेपण. म्हणजे तुझा बार्ड (गाणारा-बोलणारा गडी) कितीही मोठा झाला तरी वीसातून एकदा येड्यासारखा बोलणारच. बघायला मजा येते हे खरं, पण लोड करायचा मोह त्यामुळे वाढतो.

आमच्या वेळी (हो, आलो त्या वयात) पहिला बाल्डर्स गेट १९९८ चा, पाच सीडी, नकाशा बदलला की खोक्यातून पुढची सीडी शोधायची. थॅको नावाचा प्रकार होता ज्यात चिलखत जितकं चांगलं तितका आकडा कमी, हे मला समजायला अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. पण त्यात संवादातल्या बऱ्याच गोष्टी तुझा करिश्मा किती, तुझी रेप्युटेशन किती यावर गुपचूप ठरायच्या, फासा गडगडताना दिसायचा नाही. दिसला नाही की राग येत नाही.

पडद्यामागची

मी डीएम आहे, सहा वर्षं झाली, पूर्ण मराठीत चालवते, जग माझं स्वतःचं आहे, साधारण सह्याद्रीसारखं, घाट, गढ्या, देवराया वगैरे. जादूगारदादांचं पटलं पण अर्धंच. माझ्या मते फासा कुठे टाकला यापेक्षा आपटल्यावर पुढे काय लिहून ठेवलंय हा खरा मुद्दा आहे.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एका वाड्याच्या तळघराला कुलूप, आत पेटी, पेटीत पत्र, आणि त्या पत्राशिवाय पुढची कथाच नाही. रोगने (म्हणजे चोर पात्राने) फासा टाकला, ३. परत, ५. परत, २. मग बार्बेरियन म्हणाला लाथ मारतो, ४. बार्ड म्हणाला मी कुलुपाला गाणं म्हणून दाखवतो, मी म्हटलं म्हण बाबा. चाळीस मिनिटं! समोसे गार, एकाने मोबाईल काढला. शेवटी घाबरून मी आतून एका म्हातारीला दार उघडायला लावलं. ती म्हातारी कुलूपबंद तळघरात काय करत होती हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. पण मंडळींनी काय करावं, त्यांना वाटलं हीच चेटकीण, पुढचे सहा रविवार तिच्या मागावर! माझ्या मूळ खलनायकाला कोणी विचारलंसुद्धा नाही आणि तो आमचा सगळ्यात भारी कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) झाला.

नंतर वाचताना कळलं की या चाळीस मिनिटांवर उपाय पुस्तकातच होता. तिसऱ्या एडिशनमध्ये टेक ट्वेंटी म्हणून नियम, घाई नसेल आणि आपटल्यावर काही बिघडणार नसेल तर वीसपट वेळ द्या आणि २० पडला असं धरा. पाचवीच्या डीएमच्या पुस्तकातपण आहे, दहापट वेळ दिला की काम झालं समजा. तेव्हापासून माझ्या टेबलावर एकच कायदा, आपटलात तर काय होईल हे मला आधी सुचत नसेल तर फाशाला हात लावायचा नाही. एकतर कुलूप उघडतं, किंवा उघडतं पण वर पहारेकऱ्याला आवाज जातो. "नाही उघडलं, परत टाक" हे बंद.

कॉम्प्युटरला हे का जमत नाही, तर आपटल्यावरचा रस्ता कोणीतरी दोन वर्षं आधी लिहून, आवाज देऊन ठेवायला लागतो. बीजी३ ने त्यातल्या त्यात खूप लिहिलंय, तरी पुष्कळदा आपटलं की मारामारी, झालं.

अजून एक, हे फक्त मराठीत खेळणाऱ्यांनाच कळेल. मागच्या महिन्यात एका सरदाराकडून गढीत रात्रभर आसरा हवा होता. आमचा हाफ-ऑर्क (अर्धा राक्षस पात्र) थेट म्हणाला, "ए सरदार, ऐक ना." मी पडद्यामागे टार्गेट १५ चं २० केलं. तेवढ्यात क्लेरिक (पुरोहित) खेळणारी मुलगी, मूळची साताऱ्याची, पुढे होऊन म्हणाली, "सरदार, याला बोलायचं वळण नाही, आपण वडीलधारे आहात, लेकरू समजून पदरात घ्या." मी फासा मागितलाच नाही. काय मागणार! आता हे स्क्रीनवर कसं करणार, तिथे चार वाक्यं तयार असतात आणि इंग्रजीत राजालाही यू आणि घोड्यालाही यू.

बुधवारचा_बाजार

@पडद्यामागची म्हातारीवर वेगळा धागा काढा प्लीज.

विसातल्या, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डिस्को एलिझियम (२०१९). दोन सहाबाजूंचे फासे, लढाई अशी वेगळी नाहीच, जे काही आहे ते बोलण्यात. पांढरे चेक (फासा टाकून कौशल्याची परीक्षा) आणि लाल चेक, पांढरा आपटला तर ते स्किल वाढवून परत टाकता येतो, लाल एकदाच. पण गंमत ही की आपटल्यावर जे लिहिलंय ते कधीकधी जिंकल्यापेक्षा भारी आहे. सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला टाय काढायला जाऊन माणूस मरू शकतो, मी मेलो, खुर्चीतून पडेपर्यंत हसलो, आणि तो एकच लोड मी आनंदाने केला.

आणि टेबलवर डी अँड डी सोडून दुसरं काही खेळून बघा रे. अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) आणि त्याची सगळी पिलावळ, तिथेपण दोन फासे, १० किंवा वर म्हणजे काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे काम होतं पण किंमत मोजा, ६ किंवा खाली म्हणजे डीएमची दिवाळी. हिशोब करून बघितला, बोनस नसेल तर ७ ते ९ यायची शक्यता ४२ टक्के, आणि +२ असेल तरी मधला भाग ४२ टक्केच राहतो, फक्त वरचा आणि खालचा अदलाबदल करतात, १७ आणि ४२ चे ४२ आणि १७. म्हणजे तुम्ही कितीही हुशार झालात तरी "झालं, पण" हे सुटत नाही. आमच्या घरी गॅस सिलेंडर बुक करण्यापासून सगळं असंच चालतं त्यामुळे हा नियम मला फार वास्तववादी वाटतो.

नऊ_पन्नासची_लोकल

मी एकटाच विरोधी पक्षात दिसतोय. मला फासाच नको. ऑफिसातून नऊला घरी, जेवण, पोरगी झोपली की तास-दीड तास मिळतो, त्यात मला कोणाची म्हातारी वगैरे नकोय, मला मी केलेल्या मेहनतीचं फळ हवंय. फॉलआउट ३ मध्ये बोलण्याला टक्केवारी होती, सगळे आधी सेव्ह करायचे. मग न्यू वेगास आला २०१० ला, स्पीच (बोलण्याचं कौशल्य) ५० हवं म्हणजे ५० हवं, ४९ ला नाही, संपलं. कमी असेल तर पर्यायातच काहीतरी बावळट वाक्य दिसतं, म्हणजे तुला आधीच माहीत असतं तू तोंडावर पडणार. एक सेव्ह-लोड नाही. पुढच्या वेळी वेगळा माणूस बनवायचा, वेगळे पॉइंट टाकायचे, हीच तर आरपीजी ना?

आणि लोड करण्यात लाज कसली? टेबलाला डीएम आहे तर कॉम्प्युटरला एफ८ आहे. ज्याचं त्याचं.

जुनाट_जादूगार

@नऊ_पन्नास मुद्दा आहे, पण मग नेटवर बघून नेमके तेवढेच पॉइंट टाकणारे निघतात, ५० तर ५०, एक जास्त नाही. आरपीजी कमी आणि आयकर वाचवणं जास्त.

नऊ_पन्नासची_लोकल

@जुनाट_जादूगार मार्चमध्ये मी दोन्ही करतो दादा 😄

विसातला_एक

वा, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

काल रात्री प्रयोग केला. नियम ठरवला की बोलण्यात आपटलं तर लोड नाही, फक्त सगळे मेले तरच. एका पहारेकऱ्याला थाप मारायची होती, १ पडला. बोट एफ८ वर गेलंच होतं, मागे घेतलं. मारामारी झाली, आणखी चौघे धावत आले, माझा साथीदार अ‍ॅस्टेरियन आडवा, माझ्याकडच्या सगळ्या पोशन संपल्या, आणि ज्या दुकानदारणीकडून आज चिलखत घ्यायचं होतं ती मध्ये सापडून मेली. पडद्यामागचीताई म्हणतात तसंच, आपटलं की मारामारी. पण खरं सांगू का, आज ऑफिसात लंचला मित्राला हीच गोष्ट सांगत होतो, त्या अकरा वेळा लोड केलेल्या बाईची नाही.

चिलखत मात्र गेलं यार, +२ चं होतं.

@पडद्यामागची, ताई तुमच्या टेबलावर एक जागा आहे का? मी "आपण" म्हणेन सगळ्यांना.

पडद्यामागची

जागा आहे, ठाण्यात, शनिवारी चारला. हाफ-ऑर्कवाला बदली होऊन इंदूरला गेला. समोसे पहिल्या वेळी नवीन माणसाने आणायचे असतात.