मॅमोग्राम: गोऱ्या, ब्लॅक आणि आपण देशी बायका

एडिसनकर: वय ४३. डॉक्टर दोन वर्षं मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) कर म्हणून मागे लागलीये आणि मी ढकलतेय, कारण माहेरी-सासरी ब्रेस्ट कॅन्सर कुणालाच नव्हता. परवा लंचला विषय निघाला तर ऑफिसातली ब्लॅक मैत्रीण म्हणते अगं तो गोऱ्या बायकांचा आजार, आणि शेजारच्या डेस्कवरची गोरी आपल्याला होणारच असं धरून दर वर्षी न चुकता जाते, तिच्याही घरात कुणाला नाही हं. खरंच वंशाप्रमाणे फरक असतो का सगळं डोक्यातलंच?

टेक_ताई: अटलांटात मॅमोग्राम काढणारी टेक्निशियन आहे. ब्लॅक बायकांना होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा किंचित कमी, पण त्याने मरण्याचं जवळपास ४० टक्के जास्त!! ट्रिपल निगेटिव्ह नावाचा दांडगट प्रकार त्यांच्यात साधारण दुप्पट, त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. आणि त्या तपासणी टाळतात असंही नाही, गोऱ्यांच्या बरोबरीने येतात, घोळ पुढे होतो, रिपोर्टात काही दिसलं की बायोप्सी आणि ट्रीटमेंटला उशीर.

कोकणी_इन_शिकागो: विश्वासाचाही प्रश्न आहे ना. टस्कीगीतल्या सरकारी प्रयोगात १९३२ ते १९७२ ब्लॅक पुरुषांना सिफिलिसचं औषध असून दिलं नाही, हे त्यांच्या घराघरात माहितीये. शिवाय रिस्क काढायचं ते गेल मॉडेल मुळात गोऱ्या बायकांच्या डेटावर बेतलेलं, मग ब्लॅक बाईचा आकडा कमी आला की ती निवांत.

सासूबाईंची_लाडकी: आपलं काय वेगळंय? "आमच्यात कुणाला नाही" हे मीपण म्हणायचे. अगं ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात कुणालाच नसतो. आणि असलाच तरी आपल्याकडे सांगतं कोण, माझ्या आत्याचं "छातीचं ऑपरेशन" झालं एवढंच आम्हाला माहीत होतं, कसलं ते ती गेल्यावर कळलं. इथे अमेरिकेत पन्नाशीच्या आतल्या एशियन बायकांत प्रमाण वाढतंय. २०२४ पासून कुठली तपासणी कधी करायची ते सुचवणारा सरकारी टास्क फोर्सही चाळिशीपासून दर दोन वर्षांनी करा म्हणतोय, आधी पन्नाशी होती. फक्त जास्तीच्या फोटोंसाठी परत बोलावलं तर २०२५ पर्यंत त्याचं बिल येऊ शकायचं, आता तुझ्या प्लॅनमध्ये काय आहे ते इन्शुरन्सला आधी विचार.

एडिसनकर: बरं बाई, घेतली, मंगळवारी ८:४०. लंचवालीलाही ते ४० टक्क्यांचं वाचून दाखवलं, काही बोलली नाही, डबा बंद केला. दुखतं का गं फार?

टेक_ताई: दाबतो तेव्हा कळ येते, पण काही सेकंदच. पाळीच्या आधीचा आठवडा असेल तर तारीख बदल. डिओ, पावडर लावून येऊ नकोस, फोटोत बारीक ठिपके दिसतात आणि उगाच दोघींच्या जिवाला घोर.