मदत हवी आहे : रिकाम्या खुर्चीचे १८ श्वास

अर्धवट_सर्किट : सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय, डोकं चालेनासं झालंय. वायफाय सिग्नलवरून श्वास मोजतोय (छाती हलली की सिग्नलही हलतो), सोबत व्हिडिओही पाठवतोय. सेकंदाला १०० पॅकेटं (सिग्नलचे छोटे तुकडे, प्रत्येकाचं एक मोजमाप) पाठवली की आलेख सुरेख, पण व्हिडिओ अडकतो. १५ वर आणली तर व्हिडिओ पळतो, पण खुर्चीत कुणी नसताना मिनिटाला १८ श्वास दिसतात! कोड तीनदा तपासला. जाणकारांनी लवकर सांगा.

गोटीसोडा : बोर्ड कोणता? चॅनल केवढा रुंद? व्हिडिओ त्याच रेडिओवरून? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत?

अर्धवट_सर्किट : ईएसपी३२, छोटा वायफायवाला बोर्ड. २.४ गिगाहर्ट्झ, चॅनल २० मेगाहर्ट्झ. व्हिडिओ त्याच बोर्डावरून, नाहीतर प्रोजेक्ट कसला!

नाना_वायरमन : चॅनल ४० करा. २० ला ७.५ मीटरच्या आतल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, ४० ला तेच ३.७५.

गोटीसोडा : नाना, त्याची अख्खी खोली तेवढी नसेल. श्वासाला अंतर नको, सिग्नलची लय हवी. आणि २.४ वर ४० घेतलं की शेजाऱ्यांच्या राउटरांशी मारामारी.

टिकटिक : ६० गिगाहर्ट्झचं रडार मॉड्यूल घ्या. मी घरी लावलंय, एक नंबर.

अर्धवट_सर्किट : एकाच रेडिओकडून दोन्ही कामं, हाच विषय आहे हो!

सुगरण७ : राउटर फ्रिजवरून काढा. आमची रेंज लगेच सुधारली.

मंद्रसप्तक : पंखा चालू होता?

अर्धवट_सर्किट : मग? मे महिना, नागपूर.

मंद्रसप्तक : हे आधी सांगायचं ना राव! पंखा मिनिटाला ३०६ फेरे घेत असेल तर तीन पाती धरून सेकंदाला १५.३ वेळा पातं आडवं येतं. तू पॅकेटागणिक एकदा, म्हणजे १५ वेळाच बघतोस. उरले ०.३, म्हणजे मिनिटाला १८. पॅकेटं १७ कर. १७ आणि १५.३ मधला फरक १.७, म्हणजे तोच पंखा मिनिटाला १०२ वर जाईल, श्वासाच्या पट्ट्याबाहेर. व्हिडिओला दोन पॅकेटं जड नाहीत.

गोटीसोडा : +१. पण व्हिडिओचा लोंढा आला की पॅकेटं रांगेत थांबतात, समान अंतराने पडत नाहीत. प्रत्येकाची वेळ नोंदव, मगच आलेख काढ.

टिकटिक : म्हणूनच म्हणतो, रडार.

अर्धवट_सर्किट : पॅकेटं १५ च ठेवून पंख्याचा रेग्युलेटर एक घर वाढवला. श्वास ६०! खुर्ची धापा टाकतेय. रात्री १७ करून बघतो.